दारे नाहीत, काचा नाहीत: डाचिया मॅनिफेस्टोची पार्श्वभूमी

रेनो समूहातल्या डाचिया या रोमानियन कंपनीने सप्टेंबर 2022 मध्ये मॅनिफेस्टो ही संकल्पना-गाडी (विक्रीसाठी नव्हे, कल्पना दाखवण्यासाठी बनवलेली) दाखवली. लांबी 3.6 मीटर, चारही चाकांना ताकद. दारे, खिडक्या आणि पुढची काच मात्र गायब. आतला भाग पाण्याच्या फवाऱ्याने धुता येतो, आणि पुढचा एकुलता एक दिवा काढून टॉर्चसारखा हातात घेता येतो. हे सगळे नवे वाटते, पण यातला जवळपास प्रत्येक विचार आधी कुणीतरी करून पाहिलेला आहे.

सुरुवात जीपपासून. 1940 च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी वजनाची मर्यादा घातली 1,300 पौंड, म्हणजे सुमारे 590 किलो. चारचाकी ड्राइव्हचा, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी), पुढचा डिफरेन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरयंत्रणा) आणि लष्करी वापर सोसेल अशी चासी (गाडीचा खालचा सांगाडा) एवढ्यात बसणे अशक्यच होते. मर्यादा वाढत वाढत 2,160 पौंडांवर गेली. विलिस या अमेरिकी कंपनीची गाडी तिथेही बसेना, म्हणून अभियंत्यांनी सुटे भाग एकेक करून तपासत वजन छाटले. छत आणि दारे काढून वाचते ते थोडेच. खरे वजन खालच्या यंत्रणेत असते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

मिनी मोकने, म्हणजे ब्रिटिश मिनी मोटारीच्या भागांवर बेतलेल्या छोट्या उघड्या गाडीने, उलटी वाट धरली. ती इतकी हलकी की विमानातून पॅराशूटने टाकता यावी, असा बेत होता. पण 10 इंची चाकांमुळे जमिनीपासूनची उंची तोकडी पडली आणि ब्रिटिश लष्कराने नकार दिला. 1964 पासून ती नागरिकांना विकली गेली.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्स यांनी मँक्स ही वाळूवरची बग्गी बनवली. फायबरग्लासच्या होड्या बांधण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. छत काढले की गाडीचे कवच पिळवटायला लागते. सुरुवातीच्या मोजक्या गाड्यांत त्यांनी चासीच वगळून सगळा भार फायबरग्लासच्या जाड टबवर टाकला. मजबुती मिळाली, पण खर्च परवडेना. मग फोक्सवॅगन बीटलचा फ्लोअर पॅन (गाडीचा पोलादी तळ) वापरायचे ठरले, तोही मधून सुमारे 36-37 सेंमी कापून. हे काम दिसते त्यापेक्षा किचकट आहे. मधल्या बोगद्यातून गिअरचा दांडा, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, इंधनाची नळी जाते. पॅन आखूड केला की हे सगळेच आखूड करावे लागते. दांडा जोडताना थोडा जरी फिरला तरी एखादा गिअर पडतच नाही. आणि पॅन सपाट बांधून न ठेवता वेल्डिंग केले तर तो वाकतो, मग मागची चाके पुढच्यांच्या रेषेत राहत नाहीत.

मँक्सला चारचाकी ड्राइव्ह नव्हताच. इंजिन मागे, म्हणून वजन इंजिन फिरवते त्या मागच्या चाकांवर; टायर रुंद आणि हवा कमी. वाळूत एवढे पुरते. 1967 च्या मेक्सिकोतल्या पहिल्या मेक्सिकन 1000 या वाळवंटी शर्यतीत मँक्सच पहिली आली. पेटंटचा खटला मात्र मेयर्स हरले आणि नकलांचे पीक आले.

मॅनिफेस्टोची खरी आजी म्हणजे 1968 ची सित्रोएन मेहारी. सित्रोएनच्याच टूसीव्ही या साध्या, स्वस्त मोटारीच्या धाटणीची चासी, 602 सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन, नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर एबीएस प्लॅस्टिकचे पत्रे. रंग प्लॅस्टिकमध्येच मिसळलेला, त्यामुळे ओरखडा उठून दिसत नाही. वजन 600 किलोच्या आत. प्लॅस्टिक गंजत नाही, पण उन्हात फिके पडते, ठिसूळ होऊन बोल्टांच्या भोकांपाशी चिरते. चासी मात्र पोलादाचीच, ती खालून निमूट गंजते. जुनी मेहारी घेणाऱ्याने रंगाकडे नव्हे, गाडीखाली वाकून पाहावे. 1979 मध्ये चारचाकी ड्राइव्हची मेहारीही आली. ती फार विकली गेली नाही.

आता मॅनिफेस्टोचे बिनहवेचे टायर. पंक्चर नाही, हे खरे. पण वाळूत शिरताना हवा साधारण 15 पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) उतरवली की टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. बिनहवेच्या टायरमध्ये ही सोयच उरत नाही. शिवाय अशा टायरमध्ये हवेऐवजी भार पेलणाऱ्या आऱ्यांची बाजू उघडी असेल तर चिखल आणि खडे आत अडकतात. वाळवंटाच्या दृष्टीने हा सौदा तोट्याचाच वाटतो. एका दिव्याचेही तसेच: युरोपात मोटारीला पुढे दोन दिवे सक्तीचे असल्याने ही गाडी रस्त्यावर येण्यासाठी कधी नव्हतीच.

तरी तिच्यातल्या दोन गोष्टी कारखान्यापर्यंत पोहोचल्या. सामान अडकवण्याची यूक्लिप खाच आणि स्टार्कल हे ठिपकेदार प्लॅस्टिक, ज्यात 20 टक्क्यांपर्यंत पुनर्वापर केलेले पॉलिप्रॉपिलीन असते. नोव्हेंबर 2023 मध्ये दाखवलेल्या डाचियाच्याच डस्टर या गाडीच्या तिसऱ्या पिढीवर दोन्ही आहेत. स्टार्कलला रंग देत नाहीत. चाकांभोवतीच्या आणि बाजूच्या पट्ट्यांवर ते तसेच बसवतात, अगदी मेहारीच्या पत्र्यांसारखे.