शेजारची खुर्ची रिकामी झाल्यावर

"सर, आज एकटीनं उडवलं."

फोनवरचा आवाज ओळखीचा होता, त्यातली थरथर नवी होती. मार्चमधली सकाळ, साडेआठ वाजले असतील. ही मुलगी दहावीपर्यंत माझ्या वर्गात होती. मालवणजवळच्या मच्छीमार वस्तीतली. वडील तांडेल, म्हणजे बोटीवर शेवटचा शब्द त्यांचा. ती आता १९ वर्षांची आहे आणि समुद्र दिसतही नाही अशा गावी हेलिकॉप्टर चालवायला शिकते आहे.

"भीती वाटली?" मी विचारलं.

"भीती नंतर वाटली, सर. आधी नवल वाटलं. ते फारच लवकर उठलं. मी उचलायच्या आधीच उठलं."

पहिल्या एकट्या उड्डाणाविषयी बोलताना लोक धीराविषयी बोलतात. धीर लागतोच. पण तिनं सांगितलं ते मला जास्त मोलाचं वाटलं. शिक्षक उतरून गेल्यावर विद्यार्थ्याच्या हातात कालचं यंत्र राहत नाही. शेजारची खुर्ची रिकामी झाली की हेलिकॉप्टरच बदलतं.

जगभर शिकाऊ वैमानिकांसाठी वापरलं जाणारं रॉबिन्सन आर-२२ हे दोन आसनांचं हेलिकॉप्टर उदाहरणाला घेऊ. ते १९७५ साली पहिल्यांदा उडालं. माणसं आणि इंधन धरून त्याचं वजन जास्तीत जास्त ६२२ किलो चालतं, म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या छोट्या मोटारीपेक्षाही कमी. त्यातून ७५ किलोचा शिक्षक उतरला, तर एका झटक्यात १२ टक्के वजन गेलं. हवेत एका जागी तरंगत राहायचं, तर रोटरला, म्हणजे डोक्यावरच्या फिरत्या पात्यांना, त्या वजनाइतक्या जोरानं हवा सतत खाली ढकलावी लागते, आणि त्यासाठी लागणारी शक्ती वजनाच्या १.५ या घाताच्या प्रमाणात, म्हणजे वजनापेक्षाही जास्त वेगानं, बदलते. वजन १२ टक्क्यांनी घटलं, तर या कामाची शक्ती आदर्श गणितात १७ टक्क्यांच्या आसपास घटते. डाव्या हातातला दांडा, ज्याला कलेक्टिव्ह म्हणतात, सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढवतो. तो किती उचलला की स्किड, म्हणजे चाकांऐवजी खाली असलेल्या दांड्या, जमिनीवरून सुटतात, हे तिच्या हाताला कित्येक तासांच्या सरावानं पाठ झालं होतं. त्या सकाळी हात पोचण्याआधीच यंत्र सुटलं.

दुसरा बदल तोलाचा. अशा छोट्या हेलिकॉप्टरात दोन्ही खुर्च्या रोटरच्या खांबाच्या पुढे असतात, आणि सगळं धूड त्या खांबाला लोलकासारखं टांगलेलं असतं. पुढचं वजन कमी झालं की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि नाक वर येतं. लहान होडीत नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बसलेला माणूस उतरला की नाळ उचलली जाते, अगदी तसंच. शिवाय वजन एकाच बाजूचं गेलेलं असतं, त्यामुळे आडवा कलही बदलतो. हे सगळं शिक्षकानं तिला आधी सांगितलं होतं. "नाक वर आलं तर घाबरू नकोस, काठी थोडी पुढे ठेव." ऐकलेलं आणि अंगाला जाणवलेलं यांच्यात मात्र एक सबंध उड्डाण असतं.

मुळात एका जागी तरंगणं, म्हणजे हॉवर, इतकं अवघड का? माझ्या मते हेलिकॉप्टरच्या विज्ञानातला हा सगळ्यात सुंदर भाग आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

मोटारीचं स्टिअरिंग वळवलं की मोटार वळते. हेलिकॉप्टरची उजव्या हातातली काठी, सायक्लिक, पुढे ढकलली की आधी रोटरची तबकडी पुढे कलते. त्यामागून धूड कलायला लागतं. कललं की ते पुढे ओढलं जातं, हळूहळू वेग येतो, आणि वेग आला की शेवटी जागा बदलते. काठी आणि जागा यांच्यामध्ये एवढ्या पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीला वेळ लागतो. नवशिक्याचे डोळे बघतात फक्त शेवटची पायरी. आपण पुढे सरकलो हे त्याच्या लक्षात येतं तोवर पुढे जाण्याचा वेग भरपूर साठलेला असतो. तो काठी मागे खेचतो. काही होत नाही असं वाटून आणखी खेचतो. मग दोन्ही खेचण्यांचा परिणाम एकदम येतो आणि यंत्र मागे धावतं. झोका वाढत जातो आणि शिक्षकाला हात घालावा लागतो.

हे मी तिला शाळेत शिकवलं नव्हतं, पण तिला ते वडिलांनी शिकवलं होतं. खाडीच्या मुखातून बोट आत आणताना सुकाणू वळवलं तरी बोट लगेच ऐकत नाही. नवखा माणूस आणखी वळवतो, आणि बोट ऐकायला लागली की वाळूच्या दांड्यावर नेऊन घालतो. तांडेल सुकाणू थोडं वळवतो, आणि बोट पुरती वळायच्या आतच परत सरळ करायला घेतो. त्याला बोट आत्ता कुठे आहे यापेक्षा दोन सेकंदांनी कुठे असेल ते दिसत असतं. हे अंदाज बांधण्याचं काम मेंदूच्या मागच्या बाजूला असलेल्या अनुमस्तिष्काचं. हालचालीचा परिणाम येण्याआधीच तो परिणाम काय असेल याचं चित्र ते तयार करतं आणि प्रत्यक्षाशी ताडून सुधारत जातं. सायकल, पोहणं, वल्हं मारणं, सगळं असंच अंगात मुरतं. आणि म्हणूनच शिक्षक पहिल्या दिवसापासून सांगतात, पायाखालची जमीन बघू नकोस, लांब बघ. जवळची जमीन सतत हलताना दिसते. क्षितिज मात्र कल सांगतं, आणि कल ही जागेच्या कितीतरी आधीची पायरी आहे.

पायांचं कामही कमी नाही. इंजिन रोटर एका दिशेला फिरवतं, तेव्हा धूड उलट दिशेला फिरू पाहतं. शेपटीवरचा छोटा रोटर त्याला धरून ठेवतो आणि तो पायांच्या पेडलवर चालतो. अमेरिकी हेलिकॉप्टरांचे रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात. आपल्या नौदलात आणि तटरक्षक दलात दिसणारं चेतक मूळ फ्रेंच बनावटीचं आहे, त्याचं उलट. एकावर शिकलेल्याला दुसऱ्यावर गेल्यावर पायांची सवय बदलावी लागते.

तर ती एकटी वर गेली, तरंगली आणि मग पुढे निघाली. तेव्हा यंत्र थरथरलं आणि आपोआप आणखी वर चढलं. दर उड्डाणात असं होतं, पण हलक्या यंत्रात ते ठसठशीत जाणवतं. कारण समजून घ्यायचं तर किनाऱ्यावर लाटेच्या पाण्यात उभं राहावं. एकाच जागी उभं राहिलं की लाट पायाखालची वाळू काढून नेते आणि टाचा रुतत जातात. चालत राहिलं तर प्रत्येक पाऊल न हललेल्या वाळूवर पडतं. तरंगणारं हेलिकॉप्टर स्वतःच खाली लोटलेल्या हवेत उभं असतं, त्याची पाती रुतत असतात. वेग ताशी ३० ते ४५ किलोमीटरच्या दरम्यान पोचला की रोटर स्वतःच्या झोतातून बाहेर पडतो, त्याला ताजी, न हललेली हवा मिळते आणि तेवढ्याच शक्तीत जास्त उचल मिळते.

हा वेग जमिनीच्या नव्हे, हवेच्या तुलनेत मोजायचा. म्हणजे समोरून वारा असेल, तर हेलिकॉप्टर जागेवर उभं असतानाच थोडी फुकटची उचल मिळते. इथे मला आपला किनारा आठवतो. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटे मतलई वारे समुद्राकडे वाहतात. शिडांच्या काळात होड्या मतलईवर बाहेर पडायच्या आणि खाऱ्या वाऱ्यावर परतायच्या. नवख्या वैमानिकाला दुपारचा खारा वारा नाकासमोर असेल तर मदत करतो, पाठीमागे आला तर छळतो, कारण शेपूट वाऱ्यात वळून नाक वाऱ्याकडे करायला बघते. छपरावरचा वाऱ्याचा कोंबडा वळतो तसं. मग पाय क्षणभरही स्वस्थ राहत नाहीत. पहिलं एकटं उड्डाण शक्यतो सकाळच्या शांत हवेत ठेवतात, त्यामागे हे आहे.

सकाळ निवडण्याचं आणखी एक कारण आहे, आणि कोकणातल्या वाचकांना ते विशेष वाटेल. पाती हवेवर चालतात आणि तापलेली हवा विरळ असते. वैमानिकांच्या हिशेबात समुद्रसपाटीला १५ अंश तापमान प्रमाण मानतात. त्यापेक्षा प्रत्येक अंश वाढीला हवा जणू ३६ मीटर उंचीवर गेल्यासारखी विरळ होते. मालवणच्या किनाऱ्यावर मे महिन्यात ३३ अंश असतील, तर समुद्राच्या पाण्याशेजारी उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरला आपण साडेसहाशे मीटर उंचीवर आहोत असं वाटतं. आंबोलीची उंची साधारण तेवढीच. आणि आपल्याकडची दमट हवा? ती अंगाला जड वाटते, पण वजनाला हलकी असते. पाण्याच्या रेणूचं वजन १८, कोरड्या हवेच्या रेणूंचं सरासरी २९. वाफ हवेत मिसळते तेव्हा ती जड रेणूंची जागा घेते. उकाड्याच्या दिवशी त्या साडेसहाशेत आणखी शंभराहून जास्त मीटरची भर पडते. घामानं आपण बेजार होतो तेव्हा रोटरही धापा टाकत असतो.

तिच्या वडिलांचा पहिला प्रश्न मात्र मतलई-खाऱ्याचा नव्हता. तो पोटातला प्रश्न होता. इंजिन बंद पडलं तर?

याचं उत्तर आमच्या गावच्या प्रत्येक मुलानं हातात धरलेलं असतं. फाल्गुन-चैत्रात रानात उक्षी फुलते. तिच्या फळाला पाच पातळ पाकळ्यांसारखे पंख असतात. वाळलेलं फळ वर भिरकावलं की ते गरगर फिरत, सावकाश खाली येतं. त्याला कुणी फिरवत नाही. खालून वर येणारी हवाच त्याला फिरवते, आणि फिरतं म्हणून ते धाडकन पडत नाही. हेलिकॉप्टरचं इंजिन थांबलं की वैमानिक कलेक्टिव्ह पूर्ण खाली करतो, पात्यांचा कोन कमी होतो, आणि खाली येतानाची वरमुखी हवा रोटर फिरता ठेवते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. जमीन जवळ आली की नाक उचलून वेग मोडायचा, आणि रोटरच्या फेऱ्यांत साठलेली ऊर्जा शेवटच्या काही सेकंदांत कलेक्टिव्ह उचलून खर्च करायची. पण ही ठेव एकदाच काढता येते. आर-२२ सारख्या हलक्या यंत्राची पाती मिनिटाला पाचशेहून जास्त फेरे घेतात, पण वजनाला हलकी, त्यामुळे ठेव लहान. इंजिन थांबल्यावर दांडा खाली करायला सेकंद-दीड सेकंदाचाच अवधी मिळतो. अमेरिकेत या यंत्रावर एकटं जाण्याआधी शिक्षकाबरोबर किमान २० तासांचं शिक्षण कायद्यानंच बंधनकारक केलं आहे. तिनंही एकटं जाण्याआधी हा सराव इतक्या वेळा केला होता की, ती म्हणते, झोपेतही डावा हात खाली जातो.

तिला हे वेड कुठून लागलं ते मला ठाऊक आहे. ४ डिसेंबर २०२३ला नौदल दिन सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर साजरा झाला. तारकर्लीच्या वाळूत आम्ही सगळे मान वर करून उभे होतो, नौदलाची हेलिकॉप्टरं किल्ल्यावरून जात होती. ती तेव्हा बारावीत होती. पुढच्या जूनमध्ये तामिळनाडूतल्या अरक्कोणमच्या आयएनएस राजाळी या हवाई तळावरून सब-लेफ्टनंट अनामिका राजीव नौदलाची पहिली महिला हेलिकॉप्टर वैमानिक म्हणून उत्तीर्ण झाली, तेव्हा त्या बातमीचं कात्रण तिनंच मला आणून दाखवलं. आपल्याकडे विद्यार्थी वैमानिकाचा परवाना वयाच्या १६व्या वर्षापासून मिळू शकतो, व्यावसायिक परवाना १८व्या. हे वय आमच्या शाळांत फारसं कुणाला माहीत नसतं, आणि मला ते फार खुपतं. मुलांना बारावीनंतर कळतं, तोवर गणित किंवा भौतिकशास्त्र सोडलेलं असतं.

तांडेलाच्या घरात हेलिकॉप्टर परकं नाही. जून २०२१मध्ये रेवदंड्याजवळ एमव्ही मंगलम ही बार्ज बुडायला लागली, तेव्हा तटरक्षक दलाच्या जहाजानं आणि चेतक हेलिकॉप्टरांनी मिळून तिच्यावरच्या १६ जणांना वाचवलं. पावसाळी समुद्रात हलत्या डेकच्या वर, वाऱ्यात, एका जागी थांबून दोर सोडायचा. वर लिहिलेलं कलण्याचं, सरकण्याचं, वाऱ्याचं सगळं गणित तिथे एकदम लागतं, आणि खाली जमिनीऐवजी लाटा असतात, ज्यांच्याकडे पाहून आपण सरकतो आहोत की पाणी, तेच कळत नाही. चांगला हॉवर शिकायला मुलं एवढे तास का घालवतात, ते अशा दिवशी समजतं.

तिचं उड्डाण संपल्यावर सोबत्यांनी रिवाजाप्रमाणे तिच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं. ओल्या कपड्यांतच तिनं आधी घरी फोन केला, मग मला. घरचं बोलणं तिनं मला जसंच्या तसं सांगितलं. आजी रडली. "एकट्याक भय नाय वाटला तुका?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिली. वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं,

"वारो खंयसून होतो?"

"पूर्वेसून, बाबा. सात नॉट."

"मगे उतरताना नाळ वाऱ्याक ठेवलंस मां?"

"ठेवलंय."