पार्श्वभूमी : डेकॅथ्लॉन आणि फुटपट्टीबंदी

इंदूरमध्ये दिवाळीच्या सुट्टीत स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकावर डेकॅथ्लॉन हा दहा क्रीडाप्रकारांचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांची छोटी स्पर्धा भरते. पहिली शंभर मीटरची शर्यत सुरू व्हायच्या आधीच यंदा फुटपट्टीवरून वाजलं. बटणं फक्त बोटांनी दाबायची, पट्टी-पेन्सिल चालणार नाही, हा नियम 'आपल्याकडे पहिल्यापासून' आणि खिलाडूवृत्तीसाठी असल्याचं संयोजक सांगतात. विरोधकांना नियम मान्य आहे, पण तो खिलाडूवृत्तीसाठी केला होता हे मान्य नाही. वाद समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागतं.

या खेळाचं घराणं आर्केडचं, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांचं. १९८३ मध्ये एका जपानी कंपनीने 'ट्रॅक अँड फील्ड' आणला. जपानात त्याचं नाव 'हायपर ऑलिंपिक'. पळायला दोन बटणं, उडी-फेकीला तिसरं, एकूण सहा प्रकार. पळायची बटणं जितकी भराभर बडवाल तितका गडी जोरात पळणार, बाकी अक्कल लावायची ती उडीच्या आणि फेकीच्या कोनात. खेळाडूंनी त्यासाठी लगेच स्टीलच्या पट्ट्या आणि पेन्सिली काढल्या. यंत्रं चालवणाऱ्यांकडून बटणं मोडल्याच्या तक्रारी गेल्या आणि पुढच्या यंत्रांत या युक्त्यांचा बंदोबस्त झाला. म्हणजे पट्टीविरुद्ध पहिली ओरड यंत्रांच्या मालकांनी केली होती, हरलेल्या खेळाडूंनी नव्हे. हे ध्यानात ठेवलं तर पुढचा इतिहास सोपा जातो.

त्याच वर्षी अटारी या घरगुती गेम मशीनवर जॉयस्टिक डावी-उजवी हलवून खेळायचा डेकॅथ्लॉन आला आणि त्यापायी किती जॉयस्टिक कामी आल्या याची गिनती नाही. १९८४ मध्ये ब्रिटनमधल्या एका कंपनीने 'डेली थॉम्प्सन्स डेकॅथ्लॉन' काढला. ज्या डेकॅथ्लॉनपटूच्या नावावर हा खेळ विकला गेला तो १९८० ला मॉस्कोत जिंकला होताच, त्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसलाही जिंकला. खेळातही खऱ्यासारखेच दहा प्रकार, दोन दिवसांत वाटलेले, शेवटी पंधराशे मीटर. तिथवर पोचेपर्यंत मनगट भरून येई.

इंदूरला स्पेक्ट्रम दोन वाटांनी पोचला. एक वाट परदेशातल्या काका-मामांच्या बॅगेतून. या मशीनचा सिग्नल यूएचएफच्या ३६ व्या चॅनेलवर यायचा, आणि घरातला टीव्ही फक्त व्हीएचएफ या दुसऱ्या लहरींचे चॅनेल पकडणारा असला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. तो प्रश्न मेकॅनिककडेच सुटे. दुसरी वाट पुण्याची. नोव्हेंबर १९८४ च्या धोरणाने संगणकांवरची बंधनं सैल झाली आणि १९८६ मध्ये पुण्यातल्या एका कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस इथेच बनवायला घेतला. त्यावर लिहिलेलं असे डीबी स्पेक्ट्रम.

टिळकनगर, स्नेहलतागंज, रामबाग या भागांतल्या मराठी घरांत असं मशीन एखाद्याकडेच असायचं. बाकीच्यांसाठी उन्हाळ्याचे बेसिक या संगणकभाषेचे क्लास होते. शिकवणी संपली की उरलेल्या वेळात सर खेळाची कॅसेट लावू देत. कॅसेट लोड व्हायला पाच मिनिटं, टेपरेकॉर्डरच्या हेडचा स्क्रू जरा हलला असेल तर त्याहून जास्त, आणि मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. दहा पोरं रांगेत उभी. 'भिया, तू तर दो बार खेल लिया' हे वाक्य मराठी पोरंही हिंदीतच म्हणत.

फुटपट्टीबंदी आली ती या क्लासांतून, आणि कारण होतं कीबोर्ड. स्पेक्ट्रमच्या बटणांखाली प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, त्याला मेम्ब्रेन म्हणतात. त्यातून दोन चपट्या पट्ट्या निघून बोर्डावरच्या खोबणीत बसतात. एकीत आठ तारा, दुसरीत पाच. मूळ स्पेक्ट्रमची चाळीस बटणं या तेरा तारांवर वाटलेली. आठांपैकी एक तार तुटली की एक बटण मरत नाही, एकदम पाच मरतात. १ ते ५ ही ओळ गेली तर खेळ कसाबसा चाले, पण ज्या ओळीत पळायचं बटण असेल ती गेली की संपलं. त्यात माळव्यातल्या मे महिन्याच्या उकाड्यात या पट्ट्या वाळून ठिसूळ होत. कीबोर्ड उघडताना त्या तडकत, आणि वरून बडवाबडवी झाली की उघडावा लागेच. मेकॅनिक तडकलेलं टोक ब्लेडने सरळ कापून पट्टी पुन्हा खोबणीत बसवायचा. हे एक-दोनदा जमतं, मग पट्टी पुरत नाही. नवा मेम्ब्रेन इंदुरात मिळत नव्हता.

अशा वेळी पोराने कंपासपेटीतली सहा इंची पट्टी काढली की सरांचा पारा चढणारच. पेन्सिलवाले त्याहून बेरकी. तर्जनी आडवी धरून तिच्यावर पेन्सिल ठेवायची आणि दोन्ही टोकं सी-सॉसारखी दोन बटणांवर आदळवायची. बोटं दमत नाहीत आणि चुकून दोन्ही बटणं एकदम दबत नाहीत. कुणी बोटांना कॅरमची पावडर लावून यायचं, तीही बंद झाली. भिंतीवरच्या कागदावर जे नियम होते त्यांत पट्टी, पेन्सिल, पावडर आणि 'मशीनजवळ पोहे आणू नयेत' हे एकाच दमात लिहिलेलं असे. त्यात खिलाडूवृत्ती शोधणाऱ्याला पोह्यांचाही हिशेब द्यावा लागेल.

आता जॉयस्टिकचा गुंता. पट्टी चालत नाही, मग जॉयस्टिक कशी चालते, हा प्रश्न तेव्हाही निघायचा. केम्पस्टन प्रकारच्या जॉयस्टिकचा रस्ता वेगळा. प्रोग्राम ती कीबोर्डऐवजी वेगळ्या पोर्टवरून, म्हणजे वेगळ्या जोडणीतून वाचतो. स्पेक्ट्रम बनवणाऱ्या सिंक्लेअरच्याच इंटरफेस २ या जोडयंत्रावरची जॉयस्टिक मात्र थेट आकड्यांच्या बटणांना जोडलेली : डावीकडे ढकलली म्हणजे ६ दाबलं, उजवीकडे म्हणजे ७. इथे प्रोग्रामला बोट, पट्टी आणि दांडी यांतला फरक कळायला मार्गच नाही. कोणतं बटण खाली आहे आणि कोणतं वर, एवढंच त्याला दिसतं. म्हणून 'खेळाचा नियम' असं जे आज म्हटलं जातं ते खेळात नव्हतंच कधी. ज्याचं मशीन त्याने ते ठरवलं. ज्याच्या घरी जॉयस्टिक होती त्याच्या घरी जॉयस्टिक चालायची, कारण तिने कीबोर्डवरचा मार वाचत होता, आणि पाहुण्या पोरांनी तक्रार केली तर त्यांना घरचा रस्ता मोकळा होता.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे कार्ट्रिजवाले खेळ आले आणि स्पेक्ट्रम माळ्यावर गेला. त्या खेळांच्या काही कंट्रोलरवर टर्बोचं बटण असे : धरून ठेवा, ते स्वतःच भराभर दाबत राहतं. त्यावर कुणी आक्षेप घेतल्याचं आठवत नाही. कंट्रोलर स्वस्त होते आणि नवा आणता येत होता.

पुढे पीसीवर एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारे प्रोग्राम आले. १९९९ मध्ये स्पेक्ट्रमची रॉम, म्हणजे मशीनमध्ये कायमचा बसवलेला प्रोग्राम, एम्युलेटरसोबत वाटायला तिच्या मालक कंपनीने परवानगी दिली, तेव्हा हा मामला उजळ माथ्याने करता येऊ लागला. पण नवी भानगड उभी राहिली ती वेगाची. मूळ मशीनवर चित्र सेकंदाला पन्नास वेळा बदलतं आणि खेळाची चाल त्यालाच बांधलेली. लॅपटॉपचा पडदा साठचा. एम्युलेटर त्या साठला जुळवला तर सगळा खेळ वीस टक्के जलद पळतो, आणि तिथे नोंदवलेली वेळ मूळ मशीनवरच्या वेळेशेजारी लिहिणं खोटं ठरतं. शिवाय सपाट टीव्हीवर बटण दाबणं आणि गडी उडणं यांत क्षणाचा उशीर येतो. शंभर मीटरला तो जाणवत नाही, लांब उडीला पाय रेषेपुढे पडून फाऊल होतो. खरं तर स्पर्धेने भांडायचं तर या पन्नास-साठवरून भांडावं. त्याबद्दल बैठकीत फार तर दोन वाक्यं होतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पेक्ट्रमची रबरी बटणांसकट प्रतिकृती बाजारात आली. दिसायला हुबेहूब, आत एम्युलेटर, कॅसेटची कटकट नाही. दोघा-तिघांनी ती मागवली आणि मग पट्टीवाल्यांचं जुनं म्हणणं नव्याने वर आलं : जपायचा मेम्ब्रेनच उरला नाही तर बंदी कशाला? मूळ मशीन आणणाऱ्यांचं उत्तर तयार होतं. त्यांच्या मशीनमधला मेम्ब्रेन आता दोनदा कापलेला आहे, आणि पट्टीवाला त्यांच्या मशीनवरही बसणार आहे.

यंदाच्या बैठकीत तोडगा निघाला तो असा : मूळ स्पेक्ट्रमवर फक्त बोटं, प्रतिकृतीवर ज्याला जे हवं ते, आणि लॅपटॉपवरच्या वेळा वेगळ्या वहीत. नियमासमोर 'कीबोर्ड वाचवण्यासाठी' एवढे दोन शब्द लिहावेत, अशी विरोधकांची मागणी होती. संयोजकांनी ती फेटाळली. नियमाला कारण जोडायची आपल्याकडे पद्धत नाही, असं ते म्हणाले.