‘१२ म्हणजे कितवी स्टेज?’

अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यात यंत्रमाग चालवणाऱ्या एका काकांचा पुतण्या परवा फाइल घेऊन आला. काकांच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली होती, ऑपरेशन व्हायचं होतं. रक्ताच्या रिपोर्टात सीईए या तपासणीपुढे १२ हा आकडा, आणि त्याखाली कुणीतरी पेनाने दोनदा ओढलेली रेघ. ‘‘सर, १२ म्हणजे कितवी स्टेज?’’

स्टेज वेगळी, सीईए वेगळं. गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, जवळच्या लसिका ग्रंथींत पोचली का, यकृतात किंवा फुप्फुसात उतरली का, यावरून स्टेज ठरते. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं, म्हणून पसरताना हा कॅन्सर बहुधा पहिला मुक्काम तिथेच टाकतो. ऑपरेशननंतर निदान १२ ग्रंथी तपासाव्यात असा दंडक आहे. म्हणजे फाइलमध्ये पुढे आणखी एक १२ भेटणार, आणि त्याचा या १२ शी काडीचा संबंध नाही!

सीईए हे प्रथिन १९६५ साली मॉन्ट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी ओळखलं. रक्तात मिलिलिटरमागे साधारण ५ नॅनोग्रॅमपर्यंत ते चालतं. पण बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचं कॅन्सर नसतानाही थोडं चढलेलं असतं, यकृत बिघडलं तरी चढतं, आणि काही गाठी ते तयारच करत नाहीत. त्यामुळे धडधाकट माणसात कॅन्सर हुडकायला ते कुचकामी; चेकअपच्या पॅकेजमध्ये घुसडलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. ते खरं कामाला येतं ऑपरेशननंतर. महिना-दीड महिन्यात आकडा खाली यायला हवा. नाही आला तर कुठेतरी आजार उरल्याची शंका घ्यायची. खाली येऊन पुन्हा २, ४, ९ असा चढू लागला, तर सीटी स्कॅन. नुसत्या आकड्यापेक्षा त्याची चाल बघायची.

गाठीचा स्वभाव मात्र जनुकांत असतो. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून उतरते. एक भोक चुकलं की प्रत्येक चादरीत तीच चूक, त्याच जागी. सुमारे ४० टक्के गाठींत केरास या जनुकात अशी चूक असते आणि ‘वाढ’ हा निरोप थांबतच नाही. सेटुक्सिमॅब हे महागडं औषध पेशीच्या दारावरची बेल बंद करतं, पण आतला माणूस आधीच उठून कामाला लागलेला असतो. अशा बहुतेक रुग्णांना ते देणं म्हणजे पैसे पाण्यात. बीरॅफ या दुसऱ्या जनुकातला व्ही६००ई हा बदल त्याहून कमी जणांत सापडतो, पण पसरलेल्या आजारात तो असला की आयुष्याचा अंदाज बराच खाली येतो.

मला सगळ्यात जास्त सांगून जाते ती जनुकांची नक्कल तपासणाऱ्या चार प्रथिनांची तपासणी. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याचा पातळ काप काचेवर घेऊन रंग देतात. प्रथिन असेल तिथे पेशीचं केंद्रक तपकिरी दिसतं. नसेल तर गाठीतली केंद्रकं फिकी निळी आणि शेजारच्या निरोगी पेशी तपकिरी, असं एकाच काचेवर दिसतं. सुमारे १५ टक्के गाठी अशा असतात. यांत चुका इतक्या साचतात, की शरीराच्या पहारेकऱ्यांना गाठ परकी वाटू लागते. त्यामुळे दुसऱ्या स्टेजला या गाठी उलटण्याची भीती कमी, आणि पसरल्यावरही इम्युनोथेरपी, म्हणजे याच पहारेकऱ्यांना कामाला लावणारा उपचार, त्यांच्यावर चांगली चालते.

रक्तात तरंगणारे गाठीच्या डीएनएचे तुकडे ही त्यापुढची पायरी. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या ४५५ रुग्णांच्या चाचणीत दुसऱ्या स्टेजच्या एका गटाची केमो त्यावरून ठरवली. नेहमीच्या पद्धतीच्या गटात २८ टक्क्यांनी केमो घेतली, या गटात १५ टक्क्यांनीच, तरी आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं नाही.

काकांच्या काचेवर त्या चार प्रथिनांपैकी एमएसएच२ आणि एमएसएच६ या दोघांचाही रंग उठला नव्हता. असा दोष पुष्कळदा घराण्यातून येतो. मी पुतण्याला विचारलं, ‘‘घरात आणखी कुणाला कॅन्सर?’’

‘‘आजोबांना पोटात गाठ होती म्हणतात. आणि आत्याची पिशवी काढली, कॅन्सर म्हणूनच.’’

‘‘आणि तुमचे वडील?’’

‘‘ते बाहेर बसलेत, सर. बोलावू?’’