‘दुसऱ्या’ शब्दात किती आकडे?

दुसऱ्या आणि दुसर्‍या. हे दोन शब्द कितीही निरखून पाहिले तरी त्यांत फरक सापडणं कठीण. पण एखाद्या प्रोग्रॅमला विचारलं की हे दोन सारखेच आहेत का, तर तो ठाम ‘नाही’ म्हणेल. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या कुणालाही हा अनुभव कधी ना कधी येतोच. यादीत नाव समोर दिसतंय, पण शोधलं की सापडत नाही. दोन तक्ते जोडायला घेतले की ‘शेतकऱ्यांना’ असलेल्या निम्म्याच ओळी जुळतात. अशा वेळी शुद्धलेखन पुन्हा पुन्हा तपासण्यात वेळ घालवू नये. सरळ त्या शब्दामागचे आकडे काढून पाहावेत.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कुठल्या चिन्हाचा आकडा कोणता, हे युनिकोड नावाचं जागतिक मानक ठरवतं. शाळेच्या हजेरीपटावर जसा प्रत्येक मुलाचा एक नंबर असतो, तसा जगातल्या लिप्यांमधल्या दीड लाखाहून अधिक चिन्हांना एकेक नंबर मिळालेला आहे. त्याला कोडपॉइंट म्हणतात. देवनागरीला २३०४ ते २४३१ असे १२८ नंबर दिले आहेत. त्यात ‘म’चा नंबर २३५०, ‘र’चा २३५२, ‘ळ’चा २३५५.

पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हा आकडा काढायला ‘ऑर्ड’ नावाचं फंक्शन आहे. ‘म’ दिला की २३५० मिळतात. पण ‘क्ष’ दिला तर एरर येते : एक चिन्ह हवं होतं, तीन मिळाली. ती तीन म्हणजे क (२३२५), पाय मोडण्याची खूण (२३८१) आणि ष (२३५९). म्हणून स्ट्रिंगमधून, म्हणजे चिन्हांच्या माळेतून, एकेक चिन्ह काढत जायचं आणि प्रत्येकाचा आकडा छापायचा. एका ओळीचं काम आहे.

आता तेच दोन शब्द घेऊ. पहिल्याचे आकडे असे : २३४२, २३६९, २३६०, २३५३, २३८१, २३५१, २३६६. म्हणजे द, उकार, स, मग २३५३, पाय मोडण्याची खूण, य आणि काना. एकूण सात. दुसऱ्याचे : २३४२, २३६९, २३६०, २३५२, २३८१, ८२०५, २३५१, २३६६. एकूण आठ. पहिल्यात २३५३ नंबरचा ‘ऱ’ आहे, खाली टिंब असलेला. दुसऱ्यात आपला नेहमीचा २३५२ नंबरचा ‘र’ आहे आणि पुढे ८२०५ नंबरचं एक अदृश्य चिन्ह आहे. पडद्यावर त्याला रूप नाही, रुंदी नाही. त्याचं काम एवढंच, की ‘र’ रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊ नये. ते काढून टाकलं तर ‘दुसर्या’ होतं, ‘सूर्य’मधल्या रफारासारखं.

‘ऱ्या’ लिहिण्याच्या या दोन्ही रीती युनिकोडला मान्य आहेत. कुठला कीबोर्ड कुठली रीत वापरतो, त्यावर आपल्या मजकुरात काय येईल ते ठरतं. मराठीत दुसऱ्या, वाऱ्यावर, पुऱ्या, कोऱ्या असे शब्द पावलोपावली असल्यामुळे हा घोळ हिंदीपेक्षा आपल्याला कितीतरी जास्त भोवतो.

जाणकार सांगतील, मग नॉर्मलायझेशन करा. म्हणजे एकाच गोष्टीची वेगवेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणायची. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. ‘र’ आणि नुक्ता (खालचं टिंब) असे दोन सुटे आकडे दिले तर प्रचलित एनएफसी पद्धत त्यांचा २३५३ करून देते. ८२०५ असलेल्या शब्दाला मात्र ती हात लावत नाही. ‘ॲ’चंही तसंच. या अक्षराला २४१८ हा स्वतंत्र नंबर मिळाला तो २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये. त्याआधी लोक ‘अ’ (२३०९) आणि वरचा चंद्र (२३७३) अशी जोडी टाइप करत, आजही अनेक कीबोर्डवरून तीच येते. ही जोडी आणि २४१८ यांना युनिकोड समान मानत नाही. त्यामुळे ‘ॲप’ आणि ‘अॅप’ नॉर्मलायझेशननंतरही वेगळेच राहतात. मराठीसाठी या दोन बदलांचा नियम आपणच लिहावा लागतो. माझ्या मते मराठी शोधाची सोय देणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाने तो मजकूर साठवतानाच लावायला हवा.

‘र’च्या शेजारी ‘ऱ’, ‘ल’च्या शेजारी ‘ळ’ हा क्रम आला कुठून? युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. तिच्यातली देवनागरीची मांडणी भारतातल्या इस्की या मानकाच्या १९८८च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. इस्कीत भारतीय लिप्यांची अक्षरं एकाच साच्यात बसवली होती. तो साचा युनिकोडमध्ये अजून दिसतो. ‘मराठी’ शब्दातल्या पाचही आकड्यांत ३८४ मिळवले की तोच शब्द गुजराती लिपीत उमटतो, ८९६ मिळवले की कानडीत. ज्याला थोडंफार कोडिंग येतं त्याने हे एकदा करून पाहावंच, फार आनंद होतो. दाक्षिणात्य लिप्यांतल्या काही अक्षरांसाठीही या साच्यात जागा ठेवल्या आहेत आणि २३५३चा ‘ऱ’ मुळात त्यातलाच.

साच्याची किंमतही आहे. निव्वळ आकड्यांवरून शब्द लावले तर ‘फळ’ आधी येतं आणि ‘फवारा’ नंतर, कारण २३५५ हा ‘व’च्या २३५७च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर, आणि त्याच्याही पुढे क्ष आणि ज्ञ. म्हणून मराठी याद्या लावताना आकड्यांवर विसंबू नये, मराठीचे क्रमनियम असलेली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरावी. मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली आली, तेव्हा तिथे ‘ळ’ला थेट ‘ह’च्या पुढचा नंबर दिला गेला.

मोडीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक अडचण पाहू. सुरुवातीला वाटलं होतं की जगातल्या सगळ्या अक्षरांना ६५,५३६ नंबर पुरतील. त्या हिशेबाने जावा आणि जावास्क्रिप्ट या भाषांनी स्ट्रिंगमधल्या एका घराचा आकार तेवढेच नंबर मावतील असा, १६ बिट ठरवला. पुढे नंबर वाढत गेले. मोडीतल्या ‘अ’चा नंबर आहे ७११६८, तो एका घरात मावत नाही. म्हणून तो ५५३०१ आणि ५६८३२ अशा दोन घरांत तोडून ठेवतात. जावास्क्रिप्टमधलं जुनं ‘कॅरकोडॲट’ फक्त पहिलं घर उघडतं आणि ५५३०१ सांगतं, जो कुठल्याच अक्षराचा नंबर नाही. २०१५ साली आलेलं ‘कोडपॉइंटॲट’ दोन्ही घरं जोडून ७११६८ सांगतं. देवनागरीत दोन्ही फंक्शनांचं उत्तर एकच येतं, त्यामुळे ही चूक अनेक वर्षं लपून राहू शकते. मोडी कागदपत्रांवर काम करणाऱ्यांनी नवंच फंक्शन वापरावं.

गो भाषेत वेगळाच प्रकार दिसेल. तिथे स्ट्रिंगचं शून्यावं, म्हणजे पहिलं, घर मागितलं तर ‘म’साठी २२४ मिळतात, कारण गो चिन्हं नाही, बाइट (साठवणीचे छोटे तुकडे) मोजते. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं होतं. ‘म’चे तीन बाइट २२४, १६४ आणि १७४. ‘मराठी’ शब्दाचे पंधरा. कधी कधी ईमेलमध्ये मराठीऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्यामागे चलनाचं गोल चिन्ह यांच्या रांगा दिसतात. ते हेच २२४ आणि १६४. कुणीतरी बाइट सुटे सुटे वाचले एवढंच, मजकूर बहुधा शाबूत असतो आणि परत मिळवता येतो.

जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या मजकुराचं दुखणं निराळं. दिसायला तो देवनागरी असतो, पण आकडे काढले तर बहुतेक २५६च्या आतले निघतात. म्हणजे आत रोमन अक्षरंच आहेत, फाँटने त्यांना देवनागरीचं रूप दिलंय. त्याला कन्व्हर्टरशिवाय इलाज नाही.

मराठी अंकांचं मात्र सोपं आहे. शून्याचा नंबर २४०६ आणि पुढचे ओळीने. पायथॉनला ‘१२३’ ही स्ट्रिंग पूर्णांकात बदलायला सांगितली तर तो बिनतक्रार बदलतो. जावास्क्रिप्टला ते जमत नाही, तिथे प्रत्येक अंकाच्या नंबरातून २४०६ वजा करावे लागतात.

शेवटी प्रश्न मोजण्याचा. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावतात, देवनागरीची ७०, आणि त्या ७०मध्ये काना, उकार, पाय मोडण्याची खूण हे सगळे वेगवेगळे धरले जातात. सात आकड्यांचा ‘दुसऱ्या’ सात जागा घेतो, आठ आकड्यांचा आठ. माणूस मोजेल तर दु, स, ऱ्या अशी तीनच. माणसासारखं मोजण्याचे नियम युनिकोडने केलेले आहेत, पण देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम त्यात आला तो २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत. त्याआधीच्या लायब्रऱ्या ‘क्ष’चे दोन तुकडे करतात. फॉर्ममध्ये नावाला अक्षरमर्यादा घालायची असेल, तर आपली लायब्ररी यातली कुठली आहे हे ‘क्ष’ देऊन आधी तपासून घ्यावं.