‘डोअर’ हा ‘द्वार’चा मुलगा नाही, भाऊ आहे

‘द्वार’वरूनच इंग्रजांनी ‘डोअर’ घेतलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. दोन्ही शब्द एका घरातले, हे खरं. पण एकातून दुसरा निघालेला नाही.

पुरावा शब्दांतच आहे. संस्कृतात जिथे ‘द’ असतो तिथे अस्सल इंग्रजी शब्दात सहसा ‘ट’ येतो: दश–टेन, द्वि–टू, दन्त–टूथ. मग ‘द्वार’चं ‘टोर’ का नाही झालं? कारण या सगळ्या भाषांच्या समान पूर्वज भाषेतल्या मूळ शब्दाच्या सुरुवातीला ‘ध’ होता. त्या ‘ध’चा इंग्रजीत ‘ड’ झाला, ग्रीकमध्ये ‘थ’ (थिरा), लॅटिनमध्ये ‘फ’ (फोरेस). उलट संस्कृतातच त्याचा महाप्राण, म्हणजे ‘ध’मधला ‘ह’चा उच्चार, हरवला! बहुधा ‘द्वि’च्या प्रभावाने, दाराला झडपा दोन असतात ना. म्हणजे या बाबतीत इंग्रजीने मुळाची खूण संस्कृतापेक्षा नीट जपली, आणि मला ही गोष्ट फार लोभस वाटते. ध्वनिबदलांचे हे नियम जर्मन भाषातज्ज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडले.

आपलं ‘दार’ फारसी ‘दर’वरून आलं, हाही गैरसमजच. ते ‘द्वार’मधून प्राकृतमार्गे आलं, फारसी ‘दर’ त्याचा चुलतभाऊ. ‘दरवाजा’ मात्र थेट फारसीतून घेतलेला.