नवतपा, तांब्याची तार आणि जळालेलं सॉकेट

काकांच्या शेडमधून काढलेलं १६ अँपिअरचं सॉकेट माझ्यासमोर टेबलावर आहे. बाकीची दोन भोकं ठीक आहेत. उजव्या, फेजच्या भोकाभोवतीचं पांढरं प्लास्टिक आधी पिवळं, मग तपकिरी आणि अगदी कडेला कोळशासारखं काळं झालंय. उलटं करून पाहिलं तर तार कसायच्या लोखंडी स्क्रूवर निळसर छटा चढलेली. वेल्डिंग करणाऱ्या माणसाला ही छटा ओळखीची असते. लोखंड साधारण ३०० अंशांपर्यंत तापलं की त्यावर असा निळा रंग येतो. म्हणजे भिंतीतल्या त्या इवल्याशा डबीत, कोणाच्या नकळत, कधीतरी ३०० अंश तापमान झालं होतं.

काका मानेवाड्याला राहतात. मागच्या अंगणात पत्र्याचं शेड आहे, आणि मार्च लागला की तिथे कुलरचे स्टँड बनायला लागतात. नागपुरात उन्हाळ्याआधी या कामाला तोटा नाही. इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, कटर, रंग मारायला एक कॉम्प्रेसर, एवढा संसार. गेल्या नवतप्यात, म्हणजे मे अखेरीच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, काकूंना दुपारी मासळीचा वास आला. घर शाकाहारी, त्यामुळे आधी शेजाऱ्यांवर संशय. तो वास सॉकेटचा होता. या प्लास्टिकच्या काही प्रकारांत नायट्रोजन असलेले घटक असतात. ते फार तापले की अमाइन जातीचे वायू सुटतात, आणि मासळीच्या वासामागेही हीच मंडळी असतात. घरात विनाकारण असा वास आला तर आधी मेन स्विच बंद करा, मग वास शोधा.

मशीनवर दहा नंबरचा रॉड जळत असताना क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखं धरून प्रवाह मोजणारं यंत्र) लावून पाहिला, तर २५ अँपिअर. सॉकेट १६ चं. इथेच पहिली चूक उघड आहे. पण १६ च्या सॉकेटमधून २५ गेले तर ते नेमकं का जळतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

इंग्लंडमधल्या जेम्स जूल यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम सांगतो की तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. १६ चे २५ झाले म्हणजे प्रवाह दीडपटीच्या थोडा वर गेला, पण उष्णता जवळपास अडीचपट झाली. आपला अंदाज नेहमी इथे फसतो, कारण मन सरळ हिशेब करतं आणि तार वर्गाचा करते. कोराडीच्या वीज केंद्रातून निघणारी वीज ४०० किलोव्होल्टवर चढवून पाठवतात तीही याच नियमामुळे. तेवढीच वीज जास्त दाबाने पाठवली की प्रवाह कमी लागतो आणि वाटेत तारा कमी तापतात. घरात मात्र आपल्याला २३० व्होल्टच मिळतात, म्हणून मोठं यंत्र म्हणजे मोठा प्रवाह.

आता तो निळा स्क्रू. तार आणि पितळेची पट्टी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या दिसतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पृष्ठभाग सातपुड्यासारखे चढउतारांचे असतात. खरा स्पर्श होतो तो फक्त काही शिखरांवर, आणि सगळा प्रवाह त्या मोजक्या ठिपक्यांतून जातो. स्क्रू सैल असला की ठिपके आणखी कमी. समजा सैल जोडाचा रोध फक्त ०.१ ओहम आहे. २५ चा वर्ग ६२५, गुणिले ०.१ म्हणजे ६२.५ वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या टेबलावरचं सोल्डरिंग आयर्न २५ ते ६० वॅटचं असतं. म्हणजे भिंतीतल्या बंद डबीत एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून काका बाहेर वेल्डिंग करत होते. त्यात भर म्हणजे तापलेल्या धातूवर ऑक्साइडचा थर चढतो, पितळी पट्टीचा ताण जातो, रोध वाढतो, आणि जोड आणखी तापतो. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही. एमसीबीला, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या खटक्याला, यातलं काहीच कळत नाही, कारण तिच्या दृष्टीने प्रवाह २५ चाच आहे.

एमसीबीचीही एक कथा आहे. मूळची २० अँपिअरची होती आणि दुपारी सारखी पडायची. कोणीतरी ती काढून ३२ ची बसवून दिली, आणि पडणं थांबलं. घरातल्या विजेच्या कामांत ही मला सगळ्यात घातक दुरुस्ती वाटते. एमसीबी यंत्राची राखणदार नसून भिंतीतल्या तारेची राखणदार असते. तिच्यात दोन यंत्रणा असतात. शॉर्ट सर्किट झालं तर विद्युतचुंबक क्षणार्धात खटका पाडतो. प्रवाह थोडासाच जास्त असेल तर दोन धातूंची जोडपट्टी हळूहळू तापून वाकते आणि मग खटका पडतो. ही दुसरी यंत्रणा मुद्दाम सावकाश ठेवलेली असते: मर्यादेच्या १.४५ पट प्रवाह असला तर तासाभराच्या आत ती पडायला हवी, एवढंच मानकात म्हटलंय. म्हणजे ३२ ची एमसीबी ४६ अँपिअर जवळजवळ तासभर चालू देऊ शकते.

आणि काकांच्या भिंतीत तार होती अडीच स्क्वेअरची.

पाइपमधून नेलेल्या अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला, भोवतालचं तापमान ३० अंश असताना, २४ अँपिअर चालतात. पण नागपुरात मे महिन्यात ३० अंश मिळाले तर फक्त पहाटेच. तारेवरच्या साध्या पीव्हीसी आवरणाला आतल्या तांब्याचं तापमान ७० अंशांपर्यंत सोसतं. हवा ३० अंशांची असेल तर तारेला तापायला ४० अंशांची मोकळीक आहे. हवा ५० अंशांची असेल तर मोकळीक २० अंशांची, म्हणजे निम्मी. उष्णता निम्मीच निर्माण व्हायला हवी, आणि ती प्रवाहाच्या वर्गावर चालते, म्हणून प्रवाह ०.७१ पट. २४ गुणिले ०.७१ म्हणजे १७. नागपुरात सावलीतलंच तापमान ४५ च्या वर जातं. दिवसभर ऊन खाल्लेल्या स्लॅबमधल्या पाइपात आणि पत्र्याच्या छपराखाली ५० अंश ही मी काही फुगवून धरलेली संख्या नाही. त्या १७ च्या तारेतून २५ जात होते आणि पहाऱ्यावर ३२ ची एमसीबी होती. जुनी २० ची दुपारी पडत होती ती खराब झाली म्हणून नव्हे. तिच्यातली जोडपट्टीही ३० अंशांचा हिशेब धरून बेतलेली असते. उन्हाने ती आधीच थोडी वाकलेली, त्यात २५ अँपिअरचा भार. ती बरोबरच सांगत होती.

आम्ही परवानाधारक वायरमनला बोलावलं. नवी लाइन टाकणं हे कायद्यानेही त्यांचंच काम आहे, आणि हा लेख वाचून कोणी स्वतः डीबी (एमसीबी बसवलेली पेटी) उघडू नये. पण काय टाकायचं हे आपल्यालाही कळायला हवं, कारण घासाघीस तिथेच होते. "भाऊ, सहा स्क्वेअर पुरते ना. सगळीकडे तेच टाकतो आपण," असं ते म्हणाले. मी कागदावर आकडे मांडले. सहा स्क्वेअरची पाइपमधली क्षमता ४१ अँपिअर, नवतप्यात ०.७१ ने गुणली की २९. वर ३२ ची एमसीबी लावायची तर राखणदार पुन्हा तारेहून मोठा झाला. दहा स्क्वेअरची क्षमता ५७, उन्हाळ्यात ४०. त्यांनी कागद दोनदा पाहिला आणि म्हणाले, "मग दहाच टाकू, काका." तार महाग पडली हे खरं. पण फायदा रोजचा आहे. डीबीपासून शेडपर्यंत २० मीटर, जाऊन-येऊन ४० मीटर. २५ अँपिअरवर अडीच स्क्वेअरची तार सुमारे १८५ वॅट नुसती भिंतीत जाळते, दहा स्क्वेअरची ४६.

मार्गही बदलला. स्लॅबमधला जुना पाइप सोडून उत्तरेच्या, सावलीतल्या भिंतीवरून नवा पाइप नेला. शेवटी औद्योगिक पद्धतीचं निळं ३२ अँपिअरचं सॉकेट. निळा रंग म्हणजे २३० व्होल्टचं, लाल म्हणजे थ्री फेजचं. मशीनच्या केबललाही त्याच जातीचा गोल प्लग. तारेच्या टोकाला लग (धातूच्या टोप्या) दाबून बसवले, म्हणजे स्क्रूखाली तारेचे सुटे केस चुरगळत नाहीत. या लाइनवर दुसरं काहीही नाही. कॉम्प्रेसरला वेगळी लाइन, कारण मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या सहा-सात पट प्रवाह ओढते. महावितरणकडे मंजूर भारही वाढवून घेतला.

अर्थिंगबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण नागपुरात दर उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात ओली, फुगलेली असते आणि वीज चांगली वाहून नेते. एप्रिल-मेमध्ये तीच माती हातभर भेगाळते, आक्रसते आणि अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते. अर्थिंगचा रोध तेव्हा २० ओहमवर गेला असं धरू. फेज मशीनच्या लोखंडी अंगाला लागला, तर जमिनीत जाणारा प्रवाह २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. ३२ ची एमसीबी एवढ्याने हलतसुद्धा नाही. मशीनचं अंग जिवंत राहतं आणि घामाने भिजलेला माणूस त्याला हात लावतो. म्हणून आरसीसीबी हवीच. ती फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह यांची तुलना करते. ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की सेकंदाच्या काही अंशात वीज तोडते. त्या साडेअकरा अँपिअरची तिला वाटही पाहावी लागत नाही. इन्व्हर्टर मशीनसाठी 'ए' प्रकारची आरसीसीबी घ्यावी. अशा मशीनमधून होणारी गळती एकाच दिशेच्या ठोक्यांची असू शकते आणि साध्या 'एसी' प्रकाराला ती ओळखता येईलच असं नाही. दर महिन्याला तिचं टेस्ट बटण दाबायचं, आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात संध्याकाळी बादलीभर पाणी ओतायचं. आजोबा हे करायचे तेव्हा आम्हाला तो जुन्या माणसांचा नेम वाटायचा. त्यांचं बरोबर होतं.

यंदाच्या नवतप्यात दुपारी तीनला, काका तासभर वेल्डिंग करून थांबल्यावर, मी निळ्या सॉकेटच्या बाहेरच्या खोळीला तळहात लावला. शेडच्या भिंतीइतकंच गरम होतं, त्याहून जास्त नाही. वायरमनने जाताना आतल्या प्रत्येक स्क्रूवर आणि शेजारच्या पट्टीवर मिळून लाल मार्करची एक सरळ रेघ मारून ठेवली आहे. स्क्रू तिळभरही फिरला की रेघ तुटलेली दिसेल. दिवाळीच्या साफसफाईला ते पुन्हा येणार आहेत, मेन बंद करून झाकण उघडायला आणि त्या रेघा पाहायला.