नेट भारी आहे, तरी समेवर का येत नाही?

(ऑनलाइन साथसंगतीचा सेटअप घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

लातूरला तुम्ही पेटीवर, पुण्यात मुलगा तबल्यावर. दोन्हीकडे १०० एमबीपीएसचं नेट. तरी दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनात लय रेंगाळायला लागते आणि आम्हाला फोन येतो, "स्पीड वाढवून घेऊ का?"

घेऊ नका. जास्त स्पीडनं एका वेळी जास्त माल जातो, तो लवकर पोहोचेलच असं नाही. हवेतून आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. देवळात आठ मीटरवर बसलेला पखवाज तुम्हाला २४ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, तरी भजन बिघडत नाही. २५-३० च्या पुढे उशीर गेला की दोघंही एकमेकांची वाट बघतात आणि लय खाली येते.

फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर जातो. त्यामुळे पुणं लांब नाही. बराचसा वेळ आपल्याच खोलीत जातो, आणि आमचा माणूस घरी गेला की बहुतेकदा एकच दिसतं: कानात ब्लूटूथ. त्यात १०० ते २०० मिलिसेकंद सहज जातात. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची, म्हणजे जवळजवळ अर्धी-पाऊण मात्रा कानातच गेली. औशाच्या एका काकांकडे आमचा मुलगा दोनदा जाऊन आला, राउटरसुद्धा बदलला. तिसऱ्यांदा मी गेलो, त्यांच्या कानातलं काढून वायरचा हेडफोन लावला. पहिल्याच आवर्तनात काकांनी समेवर मान हलवली.

वायफायही नको, लॅन केबल लावा. व्हिडिओ कॉलची अ‍ॅप बोलण्यासाठी बनवलेली असतात. तंबोऱ्याचा सलग सूर त्यांना पंख्याची घरघर वाटते आणि ती तो दाबून टाकतात. जॅम्युलस किंवा सोनोबस ही ऑनलाइन एकत्र वाजवण्यासाठीची अ‍ॅप वापरा, दोन्ही फुकट आहेत. ४८,००० हर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने) बफर, म्हणजे एका वेळी साठवून पुढे पाठवायचे नमुने, १२८ ठेवला की त्यात पावणेतीन मिलिसेकंदच लागतात. खरखर आली तर २५६ करा. लाइट जाते तिथे राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

सेटअपसोबत केबल आणि वायरचा हेडफोन घ्यायला लावतो म्हणून काही जण नाराज होतात. घरी चांगला हेडफोन असेल तर तोच आणा, लावून तपासून देऊ, त्याचे पैसे घेत नाही. ब्लूटूथ कानात ठेवूनच बोलावलंत तर मात्र व्हिजिटचा चार्ज पडेल. औसा-निलंगा करण्यात आमच्या माणसाचा अर्धा दिवस जातो.

अमेरिकेतल्या नातवाबरोबर ठेका धरायचा असेल तर आमच्याकडून काहीच घेऊ नका. मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, तिथे प्रकाशालाच साठ मिलिसेकंदांच्या वर लागतात. त्याला आळीपाळीनं शिकवा, ते छान होतं.

दुकानात दोन लॅपटॉप वेगवेगळ्या खोल्यांत जोडून ठेवलेत. आपलं वाद्य घेऊन या, आधी ब्लूटूथवर आणि मग वायरवर वाजवून बघा.